पाणी चढलं की चढवलं?

नृसिंहवाडीत पावसाळाभर दोन शब्द सारखे कानावर पडतात, चढता आणि उतरता. कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या एकेक करून पोटात घेत वर येतं, दत्तमंदिराच्या उत्तरेकडच्या दारातून आत शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडतं. त्या दारात स्नान करायला मिळावं म्हणून पहाट असो की मध्यरात्र, माणसं लोटतात. पाणी वाढत असताना हा योग आला तर तो चढता दक्षिणद्वार आणि पूर ओसरताना आला तर उतरता. इथलं लहान पोरगंही हे दोन शब्द बिनचूक वापरतं. ‘चढवता दक्षिणद्वार’ असं कुणी कधी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, कारण पाणी आपलं आपण चढतं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

शिरोळ तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना मी इंग्रजी शिकवत आलो. पाठ्यपुस्तकात कुठेही असो, राइझ आणि रेझ या दोन क्रियापदांचा धडा मी जुलै-ऑगस्टमध्येच घेतो. तो हिवाळ्यात घेतला तर व्याकरण राहतं, पावसाळ्यात घेतला तर मुलं स्वतःहून वाक्यं आणतात.

फरक सांगायला एक वाक्य पुरतं. जे स्वतः वर जातं त्याला राइझ, आणि कुणी दुसऱ्याला वर नेलं तर रेझ. सूर्य राइझ होतो, मूल हात रेझ करतं. पहिलं अकर्मक, दुसरं सकर्मक. पहिल्याची रूपं राइझ, रोझ, रिझन अशी अंगातूनच बदलतात, दुसऱ्याची रेझ, रेझ्ड, रेझ्ड अशी शेपूट लावून होतात. हे सगळं फळ्यावर पाच मिनिटांत लिहून होतं. मुलं वहीत उतरवून घेतात, पाठही करतात. आणि चाचणीत हमखास लिहितात, ‘द वॉटर रेझ्ड’, ‘द प्राइसेस वेअर रोझ’, ‘द वॉटर इज राइझ्ड’.

या चुका निष्काळजीपणातून होतात असं मला कधी वाटलं नाही. मुलं शब्दकोशात अर्थ बघतात तेव्हा त्यांना एका ठिकाणी वाढणे आणि दुसऱ्या ठिकाणी वाढवणे दिसतं. डोक्यात राहतो तो ‘वाढ’ हा धातू, पुढचा ‘व’ गळून जातो. खरं तर सगळा फरक त्या एका ‘व’मध्ये आहे. चढणे-चढवणे, बसणे-बसवणे, उठणे-उठवणे, पोचणे-पोचवणे. मराठीत हा ‘व’ घातला की काम करणारा दुसरा कुणीतरी वाक्यात येतो. काही जोड्यांत ‘व’ नसतो, तिथे स्वर किंवा व्यंजन बदलतं. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे. अशा जोड्या आमच्या भाषेत इतक्या आहेत की मुलं दिवसभर त्या बिनचूक बोलत असतात. बंधारा फुटला आणि बंधारा फोडला यात गल्लत करणारा माणूस मला भेटलेला नाही, आणि या दोन वाक्यांतल्या फरकावरून नदीकाठच्या गावांत भांडणं झालेली आहेत.

मग मी वर्गात इंग्रजी बाजूला ठेवून ‘नं’ शोधायला लावतो. पुस्तकातला ‘ने’, आमच्या बोलीतला ‘नं’. ‘पाणी चढलं’ यात नं नाही. ‘मोटारीनं पाणी टाकीत चढवलं’ यात आहे. भूतकाळातल्या वाक्यात करणाऱ्याला नं लागला की रेझ, नाही लागला की राइझ. मी आणि तू यांना नं लागत नाही, तिथे क्रियापदाचं शेपूट बघायचं. ‘मी उठलो’, ‘मी उठले’ यात क्रियापद माझ्याकडे बघतं. ‘मी काठी उचलली’, ‘मी दप्तर उचललं’ यात ते काठीकडे आणि दप्तराकडे बघतं. मोरो केशव दामल्यांनी 1911 साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’मध्ये प्रयोगांची जी बारकाईनं चिकित्सा केली, तिच्यातलं एवढंसं टोक आठवीच्या मुलाला पुरतं. कर्तरी आणि कर्मणी ही नावं त्याला नकोशी वाटतात, पण नं कुठे येतो हे त्याला आईच्या मांडीवरच कळलेलं असतं.

ही कसोटी एका दुपारी पंगतीत फार सुंदर रीतीनं पुढे आली. देवस्थानच्या महाप्रसादाला बसलो होतो. शेजारी माझ्याच वर्गातला एक मुलगा होता. वाढपी पाणी घेऊन ओळीतून पुढे गेला आणि त्याच वेळी मागच्या बाजूला कुणीतरी घाटाकडून येऊन म्हणालं, ‘पाणी वाढलंय.’ समोरच्या म्हाताऱ्या आजी आपल्या भांड्याकडे बघून म्हणाल्या, ‘व्हय, वाढलंय की मगाशी.’ आसपासची माणसं हसली. तो मुलगा मात्र माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ‘सर, नदीचं पाणी वाढलं त्यात नं नाही. त्या काकांनी पाणी वाढलं त्यात नं हाय.’ वाढणे हे क्रियापद मराठीत दोन्ही घरचं आहे. पीक वाढतं, पूर वाढतो आणि जेवणही वाढतात. रूप एकच, कर्ता तेवढा वेगळा उभा राहतो. काकांनी. बहुवचनाचा ‘नी’ म्हणजे तोच नं, हेही त्या मुलाला सांगावं लागलं नाही.

कसोटी सगळीकडे चालत नाही, आणि ते मी मुलांना आधीच सांगतो. ‘तो कविता शिकला’, ‘ती पाणी प्यायली’, ‘तो वही विसरला’. कर्म आहे, पण नं नाही. शिकणे, पिणे, विसरणे, बोलणे अशी काही क्रियापदं मराठीत आपल्या वेगळ्या वाटेनं जातात. दुसरी गंमत ‘व’ची. ‘आजोबांना आता घाटाच्या पायऱ्या चढवत नाहीत’ या वाक्यातला चढवणे आणि ‘मोटार पाणी चढवते’ यातला चढवणे सारखेच दिसतात, पण पहिल्यात कुणी कुणाला चढवत नाही, चढण्याचं बळ नाही एवढंच म्हणायचं आहे. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. वाडीत हे वाक्य इतक्या घरांत बोललं जातं की उदाहरण शोधावं लागत नाही.

‘द वॉटर इज राइझ्ड’ ही चूक कुठून येते ते कळायला मला जास्त वेळ लागला. ‘पाणी चढलं आहे.’ मराठीत पूर्ण वर्तमानकाळाला ‘आहे’ लागतो, इंग्रजीत तिथे ‘हॅज’ पाहिजे. मुलगा ‘आहे’चा ‘इज’ करतो, ते त्याच्या दृष्टीनं अगदी सरळ असतं. गंमत अशी की जुन्या इंग्रजीतही जाणे-येणे-उठणे अशा क्रियापदांना ‘इज’च लागत असे. ‘ही इज गॉन’ हा त्याचाच अवशेष आजही बोलण्यात आहे. म्हणजे वाडीतला मुलगा जिथे चुकतो तिथे इंग्रज काही शतकांपूर्वी बरोबर होता. हे ऐकलं की मुलांचे चेहरे उजळतात. ‘मग आता का चूक?’ असंही विचारतात. भाषा पुढे सरकली, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

इंग्रजीतही आपल्यासारख्या जोड्या होत्या, पण आता थोड्याच उरल्या आहेत. राइझ हा इंग्रजीचा मूळचा शब्द. रेझ आला तो नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात येऊन वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून. त्याच कुळातला अस्सल इंग्रजी भाऊ म्हणजे रिअर, तो आता मुलं आणि जनावरं वाढवण्यापुरता उरला आहे. फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे झाड पाडणे, सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे. मला सगळ्यात आवडते ती ड्रिंक आणि ड्रेंच ही जोडी. ड्रेंच म्हणजे आता चिंब भिजवणे, पण मूळचा अर्थ पाजणे. पिणे-पाजणे, ड्रिंक-ड्रेंच! जनावरांच्या डॉक्टरांच्या इंग्रजीत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. गुरांच्या तोंडात औषध ओतून पाजायचं त्याला ते ड्रेंच म्हणतात. आमच्या तालुक्यात घराघरांत म्हशी आहेत, पाजणे या शब्दासाठी मुलांना काही समजावून द्यावं लागत नाही. इंग्रजीनं या जोड्या हळूहळू सोडून दिल्या आणि एकाच रूपावर दोन्ही कामं टाकली. ओपन, ब्रेक, मूव्ह, स्टॉप. राइझ-रेझ ही जोडी तग धरून राहिली, म्हणून ती परकी आणि अवघड वाटते. मराठी मुलाला ती सगळ्यात ओळखीची वाटायला हवी.

एकाच रूपावर दोन कामं टाकली की काय होतं ते वाडीत बसून फार चांगलं दिसतं. आमच्याकडे दोन नद्या येतात. कृष्णेला कऱ्हाडला कोयना मिळालेली असते, म्हणून कोयना धरणातून सोडलेलं पाणी कृष्णेतून आमच्याकडे येतं. राधानगरी धरण भोगावतीवर आहे, ते पाणी पंचगंगेतून येतं. दोन्हींचा संगम आमच्या दारात. पावसाळ्यात वर्तमानपत्रात मथळे येतात, ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’, ‘कोयनेचे दरवाजे उघडले’. वाक्यं जुळ्या भावांसारखी. पण राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते पाण्याच्याच दाबानं उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. कोयनेचे सहा वक्र दरवाजे माणसं ठरवून, फूट मोजून उचलतात. पहिलं उघडले म्हणजे आपले आपण उघडले. दुसरं उघडले म्हणजे अधिकाऱ्यांनी उघडले. उघडणे हे क्रियापद वाढणेसारखंच दोन्ही घरचं, इंग्रजीतला ओपनही तसाच. म्हणून मी मुलांना मथळ्याचं इंग्रजी करायला देतो ते आधी आतली बातमी वाचायच्या अटीवर. कोयनेसाठी ‘दे रेझ्ड द गेट्स’ लिहावं लागतं, राधानगरीसाठी तसं लिहिता येत नाही. पुढचं वाक्य दोन्हींना एकच, ‘द रिव्हर रोझ’. दरवाजा कसाही उघडो, वाडीत नदी राइझच होते.

वर्गाबाहेर ही जोडी माझ्या हातून सगळ्यात जास्त लिहिली गेली ती 2019 च्या महापुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे, तिथे पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं. वाडी पाण्यात होती, लोक नातेवाइकांकडे आणि छावण्यांत गेले होते. पाणी उतरल्यावर चिखल उपसायचं काम चालू असतानाच दुकानदार माझ्याकडे येऊ लागले. विम्याचे अर्ज इंग्रजीत लिहून हवे होते. पेढ्याची, बासुंदीची, पूजेच्या साहित्याची, कापडाची दुकानं. अर्जात नुकसान कसं झालं ते थोडक्यात लिहायचं असतं. एका पेढेवाल्या काकांनी सांगितलेलं मला शब्दशः आठवतं. ‘सर, आमी माल माळ्यावर चढिवला हुता. पाणी माळ्याच्या वर चढलं.’

मी इंग्रजीत लिहिलं, ‘वी रेझ्ड द स्टॉक टू द लॉफ्ट, बट द वॉटर रोझ अबव्ह द लॉफ्ट.’ बोलीतलं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत आलं, एक क्रियापद वाढलं नाही की कमी झालं नाही. पहिल्या अर्ध्यात दुकानदारानं काळजी घेतल्याचं आहे, आणि ते रेझनं सांगितलं, कारण करणारा तो होता. दुसऱ्या अर्ध्यात त्याच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून तिथे राइझ. विमा तपासणाऱ्या माणसाला या दोनच गोष्टी हव्या असतात, मालकानं शक्य ते केलं का आणि नुकसान त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं का. काकांनी ते आपल्या बोलीत दोन वाक्यांत मांडलेलं होतं, मी फक्त लिहून दिलं. भिंतीवर चिखलाची रेघ वाळत होती. त्या रेघेची उंची आम्ही टेपनं मोजली आणि तीही अर्जात घातली.

दुसऱ्या एका दुकानदाराच्या अर्जात आधी कुणीतरी ‘द वॉटर वॉज रेझ्ड’ असं लिहून दिलेलं होतं. व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्य शुद्ध आहे. पण राइझला कर्मणी प्रयोग होतच नाही, तो फक्त रेझला होतो, आणि कर्मणी प्रयोग आला की वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, कुणी? पाणी चढवलं गेलं, तर चढवणारा कोण? अर्ज पुराचा होता आणि वाक्य धरणावर आरोप करत होतं, तेही नाव न घेता. मी ते बदलून ‘रोझ’ केलं. दुकानदाराला तो बदल पटला नाही. तो म्हणाला, ‘सर, त्यानं बरोबरच ल्हिलंय. आलमट्टीनंच चढिवलंय.’

इथून व्याकरण आणि तालुक्याचं राजकारण एकत्र वाहू लागतं. कृष्णा आमच्या तालुक्यात राजापूर बंधाऱ्याच्या पुढे कर्नाटकात जाते, पुढे हिप्परगी बंधारा आणि त्याही पुढे आलमट्टी धरण. आलमट्टीची पूर्ण संचय पातळी सध्या 519.60 मीटर आहे. कृष्णा पाणी तंटा लवादानं 2010 मध्ये ती 524.256 मीटरपर्यंत नेण्यास परवानगी दिली. कर्नाटकाला उंची वाढवायची आहे, कोल्हापूर-सांगलीचा त्याला विरोध आहे. धरणाची उंची वाढते असं कुणी म्हणत नाही, वाढवतात असंच म्हणतात, आणि इंग्रजी कागदांतही तिथे रेझच असतो. खरा वाद पुढच्या क्रियापदावर आहे. धरण रेझ केलं की वरच्या अंगाला नदी राइझ होते का? पाणी मागे तुंबून फुगवटा वाडीपर्यंत येतो का? 2019 च्या महापुरानंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. 2020 मध्ये आलेल्या तिच्या अहवालात आलमट्टीला त्या पुराचं कारण मानलेलं नाही, अतिवृष्टीवर आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलेलं आहे. पूरग्रस्त भागातल्या संघटनांनी हे मान्य केलेलं नाही.

माझं मत विचाराल तर ते अभियंत्याचं मत नाही. पण शिक्षक म्हणून एक गोष्ट मी मुलांपुढे आग्रहानं मांडतो. रेझ लिहिलं की करणाऱ्याचं नाव लिहायची जबाबदारी आपल्यावर येते. सरकारी मराठीत ‘पाणी सोडण्यात आलं’ असं लिहितात आणि करणारा दिसेनासा होतो. मला ती भाषा खटकते. विसर्ग किती क्युसेक, कोणत्या धरणातून, किती वाजता, कुणाच्या आदेशानं हे नदीकाठच्या माणसाला कळायला हवं, त्याचा माळा त्यावर अवलंबून असतो. पण तितकंच हेही खरं की राग आला म्हणून प्रत्येक राइझचा रेझ करायचा नाही. आभाळ फाटल्यासारखं कोसळतं तेव्हा नदी आपली आपणच चढते.

नववीच्या वर्गात मी एकदा वाक्य दिलं, ‘पुराच्या काळात नदीची पातळी धोक्याच्या वर गेली.’ एका मुलीनं कर्मणी प्रयोग वापरला, ‘द लेव्हल वॉज रेझ्ड बाय’ असं लिहिलं आणि ‘बाय’च्या पुढे जागा कोरी ठेवली. मी विचारलं, ‘पुढं काय?’ ती म्हणाली, ‘सर, घरात सगळे आलमट्टी म्हणत्यात. पण मला म्हाईत न्हाई.’ मी तिला म्हटलं, माहिती होईपर्यंत जागा कोरीच राहू दे, आणि माहिती कशी मिळवायची ते आपण बघू. त्यानंतर त्या वर्गातल्या काही मुलांनी पावसाळाभर वर्तमानपत्रातली चौकट कापून वहीत चिकटवली. रोजचा पाऊस, कोयना आणि राधानगरीचा विसर्ग, आलमट्टीतला साठा आणि तिथून सोडलेलं पाणी, राजाराम बंधाऱ्याची पातळी. बाजूला त्याच दिवसाचं इंग्रजी वाक्य, राइझ किंवा रेझ. वाडीच्या घाटावर पाणी कितव्या पायरीला आहे ते घाटाशेजारी राहणारा मुलगा रोज शाळेत येऊन सांगायचा, ते कुठल्याच वर्तमानपत्रात नसतं. त्या वह्यांत राइझची वाक्यं बरीच जास्त आहेत. रेझची कमी आहेत, पण जिथे आहेत तिथे ‘बाय’च्या पुढे नाव, आकडा आणि तारीख आहे.